लांडग्याचा वाटा

बहिणीला जमीन देऊन बहिणीपासून जमीन वाचवायची, ही युक्ती सिद्धरामला स्वतःलाच सुचली होती. वकिलानं फक्त ती कागदावर उतरवली.

बाप बिरप्पा वारला तेव्हा मागं दोन लेकरं आणि दोन प्रकारची जमीन राहिली. ओढ्याकाठची नऊ एकर बागायत, तीत विहीर आणि डाळिंब. आणि गावाच्या वरच्या अंगाला बावीस एकर माळ, त्यात मुरूम आणि कुसळ. बिरप्पाची मेंढरं होती तोवर माळाला काही अर्थ होता. मेंढरं विकून सिद्धराम बागायतदार झाला, त्या दिवशी माळ नुसता सातबारावर उरला.

रिवाज साधा होता. बापाचं कार्य झालं की बहिणीनं तलाठ्याकडं येऊन हक्क सोडायचा, भावानं तिला साडीचोळी करायची, आणि मग दोघांनी एकमेकांवर माया असल्यासारखं वागायचं. आजूबाजूच्या गावांतल्या बहिणी पिढ्यान्‌पिढ्या हे करत आल्या होत्या. सिद्धरामची थोरली बहीण बनाबाई सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीमागं खोली करून राहायची आणि टॉवेलांच्या कडा शिवायची. ती आली, साडी घेतली, पदर दोन बोटांत चुरगाळून पाहिला, "पॉलिस्टर हाय," म्हणाली आणि सही न करता एस्टीत बसून गेली. साडी मात्र नेली.

त्यावर सिद्धरामनं युक्ती काढली. नुसतं नाही म्हटलं तर बनाक्का कोर्टात जाईल आणि बागायतीचा निम्मा मागेल. त्यापेक्षा रीतसर वाटणी करावी, माळ तिच्या नावावर चढवावा, बागायत आपल्या. कागदावर तिला निम्म्याहून जास्त जमीन जाते. वर ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती. एस्टी थांब्यासमोर फ्लेक्स लागला: 'एकतीसपैकी बावीस एकर भगिनीच्या चरणी अर्पण करणारे आदर्श बंधू'. फोटोत सिद्धराम हात जोडून उभा होता. भगिनीचा फोटो नव्हता, जागा पुरली नाही.

सही करताना बनाबाईनं एवढंच विचारलं, "सिद्ध्या, माळावर पिकतंय काय?"

"वारं लई सुटतंय," सिद्धराम म्हणाला. तलाठी हसला, वकील हसला. बनाबाईनं सही केली. निवडणुकीत सिद्धराम पडला, पण बागायत वाचली होती, त्यामुळं त्याला फारसं दुःख झालं नाही.

दोन वर्षांनी सोलर कंपनीचा माणूस आला.

पायात पांढरे बूट, डोक्याला टोपी, आणि मागणी अशी की गावानं ती तीनदा विचारून खात्री करून घेतली. त्याला पाणी नको होतं. सावली नको होती. माती तर नकोच होती. जिथं काही उगवत नाही अशी सपाट, उघडी जमीन त्याला हवी होती आणि तो तिचं वर्षाला भाडं देणार होता, ते सुद्धा सिद्धराम म्हातारा होऊन मरेपर्यंत. एकरी भाडं ऐकून सिद्धरामनं मनातल्या मनात आपल्या डाळिंबांना शिवी दिली. चांगल्या सालातसुद्धा त्यांनी कधी एवढं दिलं नव्हतं, आणि त्यांना फवारणी करावी लागे.

कंपनीचा माणूस त्याच्या बागायतीत आला, हिरव्या बागेकडं नाक मुरडून पाहिलं आणि म्हणाला, "ये नहीं चलेगा. वो ऊपरवाला किसका है?"

"आपलाच हाय," सिद्धराम म्हणाला.

त्याची बायको सुकन्या हे सगळं बांधावरून ऐकत होती. संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "चरनी अर्पन."

"गप बस."

"न्हाय, मी बोर्डावरचं वाचून दावतीया. बावीस एकर. बोर्ड लावून दिलीसा. नवऱ्याला अक्कल हाय म्हनून आमच्या बाबानं हुंडा जास्त मोजलावता."

दुसऱ्याच दिवशी दोघं सोलापूरला निघाली. जाताना इरकली साडी घेतली, अस्सल रेशमाची. सुकन्यानं ती निवडताना स्वतःसाठी एक निवडली आणि सिद्धरामनं हू की चू केलं नाही, यावरून प्रसंगाचं गांभीर्य कळावं.

बनाबाईच्या खोलीमागं यंत्रमागांचा खडखडाट अखंड चालू असे, त्यामुळं त्या आळीतली माणसं प्रेमाच्या गोष्टीसुद्धा भांडल्यासारख्या ओरडून बोलत. बनाबाई शिलाई मशिनीवर होती. तिनं दोघांना पाहिलं, पाय थांबवला नाही.

"दोगं संगट? कोन मेलं?"

"असं काय वो बोलताय वन्सं," सुकन्या म्हणाली.

"न्हाय, गेल्या बारीला आप्पा मेला तवा आलावता. म्हनून इचारलं."

सिद्धरामनं साडी पुढं केली. बनाबाईनं मशीन थांबवलं, हात पुसले आणि पदर दोन बोटांत धरला. बराच वेळ धरला. "ह्या बारीला खरं हाय," ती म्हणाली. "म्हंजी काम मोठं दिसतंय."

मग सिद्धराम बोलला. येताना एस्टीत त्यानं सगळं जुळवलं होतं. माळ नुसता पडून आहे. लोक त्यातला मुरूम चोरून नेतात. बनाक्काला या वयात कुठं जमतंय लक्ष ठेवायला? तो आपला भाऊ म्हणून बघेल सगळं. तिनं नुसती एक सही करावी. माहेर तिचंच आहे. सोलरबद्दल तो बोलला नाही, आणि न बोलताना तो खिडकीकडं बघत होता.

"झालं?" बनाबाई म्हणाली.

"झालं."

"उशीर झाला, सिद्ध्या. जमीन दिली मी."

"कुनाला?"

"लांडग्याला."

सुकन्या हसली. सिद्धराम हसला नाही. बनाक्का थट्टा करत नाही हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. तिनं त्याला विहिरीत ढकलीन म्हटलं होतं, तेव्हा ढकललं होतं.

खुलासा असा झाला. सोलापुरात कॉलेजातून निवृत्त झालेले गुरुशांत सर म्हणून कुणी होते. माळरान, तिथलं गवत, लांडगे, पाखरं वाचवायची म्हणून त्यांचा एक न्यास होता. बनाबाईनं बावीसच्या बावीस एकर त्या न्यासाला बक्षीसपत्र करून दिली होती. कलेक्टरची परवानगी लागते, ती आली होती. नोंदणी झाली होती. तलाठ्याकडं नाव चढायचं तेवढं बाकी होतं.

मागांचा खडखडाट चालू होता, म्हणून सिद्धरामचं ओरडणं शेजाऱ्यांना वेगळं वाटलं नाही.

"धनगराची लेक हाईस का कोन हाईस तू? लांडग्याला? आप्पाची किती मेंढरं न्हेली त्येनं! हितं गावात तोंड कसं दावू मी?"

"न्हेली की," बनाबाई म्हणाली. "आन आप्पा काय म्हनायचा? आटवतंय का तेबी इकलंस?"

आठवत होतं. बिरप्पाच्या घराची ती रीतच होती. लांडग्यानं मेंढरू उचललं की त्याच्यामागं पळायचं नाही. ते परत मागायचं नाही. राखणीला कोण होतं, कुणाचा डोळा लागला, हेही विचारायचं नाही. माळावर चरायचं तर माळाचं देणं द्यायचं, आणि दिलं ते गेलं. त्या रात्री त्या मेंढराचं नावसुद्धा घरात कुणी काढत नसे.

"लांडग्यानं न्हेलेलं परत मागायचं न्हाय," बनाबाई म्हणाली. "मानसानं न्हेलेलं मागता येतंय. म्हनून मी मानसाला दिली न्हाय. सोताकडं ठिवली असती तर तू दर दिवाळीला साडी घिऊन आला असतास. माजं काय, मी म्हातारी बाई, एकाद्या दिवाळीला पाघळले बी असते. रेश्माच्या नावावर करावी म्हनलं, तर तू जावयाला धाब्यावर न्हेलं असतंस. त्यो तर कोंबडीवरच सही करंल."

रेश्मा तिची मुलगी. जावयाबद्दलचा अंदाज बरोबर होता. सिद्धरामनं येताना तोही पर्याय मनात घोळवला होता.

"त्यो सर बी मानूसच हाय की," सुकन्या म्हणाली. ती बायांतली हुशार बाई होती.

"हाय की. म्हनून कागदात घातलंय. इकायची न्हाय, भाड्यानं द्यायची न्हाय, तितं खांब रवायचा न्हाय. लांडगं हायती तवर लांडग्याची."

"आन लांडगं संपल्यावर?"

"कोल्ह्याची," बनाबाई म्हणाली. मग भावाकडं वळली. "जा की आता. लांडग्याला साडी न्हेसव."

सिद्धराम उठला. साडीकडं हात नेला. बनाबाईनं ती उचलून मशिनीखालच्या पेटीत टाकली आणि झाकण लावलं.

"बहिनीला आनलीया न्हवं?" ती म्हणाली.

गुरुशांत सरांचं घर शोधायला सिद्धरामला अर्धा दिवस लागला. सर भला माणूस होता. भली माणसं सिद्धरामला नेहमीच अडचणीची वाटत, त्यांना काय हवंय ते लवकर कळत नाही. सरांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि दात्याचा सख्खा भाऊ आला म्हणून डोळ्यांत पाणी आणलं.

"तुमच्या घराण्याला माझा नमस्कार आहे," सर म्हणाले. "लोक अर्धा गुंठा सोडत नाहीत हो. आणि तुम्ही—"

"मी न्हाय. तिनं."

"एकच की."

सरांनी न्यासाची पुस्तिका हातात ठेवली. तिच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत प्रश्न होता: जमीनमालक आपली वडिलोपार्जित जमीन संवर्धनासाठी का देतात? खाली उत्तरं होती. मातीवरचं प्रेम. येणाऱ्या पिढ्यांची काळजी. पूर्वजांची स्मृती. पाखरांची किलबिल. शेवटी आयकरातल्या सवलतीबद्दल बारीक अक्षरांत एक ओळ. सिद्धरामनं चहा येईपर्यंत सगळी पुस्तिका वाचली, उलटी करून मागचं पानसुद्धा पाहिलं.

"ह्यात भाऊ कुटं हाय?" त्यानं विचारलं.

सरांना प्रश्न कळला नाही. त्यांनी त्याला माळढोकाचा फोटो दाखवला.

मग बोलता बोलता सरांनी जे सांगितलं ते सिद्धरामला सोलरच्या भाड्यापेक्षा जास्त झोंबलं. बनाबाईची भेट एका मंडळाच्या कार्यक्रमात झाली होती. सरांनी पडद्यावर गवताच्या जाती दाखवल्या, तेव्हा ती झोपली होती. कार्यक्रम संपल्यावर जागी झाली, पुढं आली आणि एकच विचारलं: एकदा दिलेली जमीन परत कुणाला देता येत नाही ना? सरांना वाटलं बाई कचरतेय. त्यांनी तिला धीर दिला की घाई नको, विचार बदलला तर काही मार्ग काढू. त्यावर ती चिडून निघाली. मग त्यांनी मागून जाऊन सांगितलं की नाही, अजिबात देता येत नाही, देवाला सुद्धा. तेव्हा ती परत येऊन बसली.

"हे कवाचं?"

सरांनी साल सांगितलं. सोलरचा माणूस तेव्हा गावात अजून यायचा होता. गावात सोलर हा शब्द तेव्हा फक्त एका बंद पडलेल्या दिव्यापुरता होता. म्हणजे बनाक्कानं भाडं बुडवायला हे केलं नव्हतं. तिला भाडं माहीतच नव्हतं. माळाला किंमत नव्हती तेव्हाच तिनं तो त्याच्या हातातून कायमचा काढला होता. पैशासाठी केलेलं वैर सिद्धरामला समजत असे, त्याचा स्वतःचा सगळा अनुभव त्याच वैराचा होता. हे फुकटात केलेलं होतं. याला कुठून धरावं ते त्याला कळेना.

गावानं आपापली कारणं काढली. कुणी म्हणे परदेशातून पाकीट आलं. कुणी म्हणे सरानं काहीतरी खायला घातलं. देवळाच्या कट्ट्यावर म्हातारा धोंडीराम म्हणाला, "बनीला लांडगं आवडत्यात असं न्हाय. तिला सिद्ध्यापरास आवडत्यात." त्यावर सगळे हसले आणि सिद्धराम तिथून उठून गेला, म्हणजे गावाला ते कारण पटलं.

त्यानं फेरफाराला हरकत घेतली. तलाठ्यानं ती मंडळ अधिकाऱ्याकडं पाठवली आणि सुनावणीची तारीख लागली. आदल्या दिवशी तो वकिलाकडं गेला. तोच वकील.

"हरकतीला कारण काय घालायचं?" वकिलानं विचारलं.

"ती जमीन तिची न्हाय."

"वाटणीत तिला आलीय. आपणच दिली."

"ती वाटनी खोटी हुती. नुसती कागदावर. बागायत वाचवायला केलेली. तुमाला ठावं हाय की."

वकिलानं उठून दार लावलं.

"सिद्धराम, हे एकच कारण आहे, आणि याच कारणानं तुम्ही वर दिवाणी कोर्टात जिंकाल सुद्धा. वाटणी खोटी, तर बक्षीसपत्र लटकलं. पण वाटणी खोटी म्हणजे अख्खी खोटी. माळाचीही आणि बागायतीचीही. मग एकतीस एकर पुन्हा एकत्र आणि पुन्हा वाटणी. निम्मं तुम्हाला, निम्मं तिला. निम्मी विहीर. निम्मी डाळिंबं. तुमच्या वाट्याला निम्मा माळ येईल, तो द्या सोलरला. तिच्या वाट्याचा निम्मा माळ ती पुन्हा लांडग्याला देईल. मधोमध. कंपनी येईल?"

कंपनीला सलग जमीन हवी होती. सिद्धरामनं बोटांवर एकर मोजून पाहिले.

"आन न्हाय म्हनलो तर?"

"मग वाटणी खरी. माळ गेला, बागायत तुमची."

सुनावणीच्या दिवशी बनाबाई त्याच्याआधी येऊन बाकावर बसली होती. अंगावर इरकली साडी होती, त्यानंच दिलेली. शेजारी गुरुशांत सर पुस्तिकांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना एकेक देत होते. सिद्धराम दिसताच बनाबाई उठली, त्याला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेली आणि त्याला वाटलं आता रडणार. ती रडली नाही. ती खूश दिसत होती, आणि त्यानं तिला असं खूश बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"म्हन की," ती हळू आवाजात म्हणाली. "वाटनी खोटी हुती म्हन."

"तुला काय करायचंय?"

"मी म्हनून उपेग न्हाय. मी सही केलेली बाई. तू म्हन. सायबासमोर म्हन, मी लगीच व्हय म्हनते. मग समदं नव्यानं वाटू. डाळिंबाचं मला काय कळत न्हाय, पर शिकंन."

आत्ता त्याला सगळं दिसलं. माळ तिनं त्याच्या हाताबाहेर ठेवला होता, आणि बागायत मिळवायला तिला स्वतःला काही करता येत नव्हतं. त्यानंच येऊन खोटं कबूल करायला हवं होतं. ती त्यासाठीच नटून आली होती. लांडग्याला नेसवायला सांगितलेली साडी नेसून, ती त्याच्या तोंडातून एक वाक्य निघायची वाट बघत होती, आणि ते वाक्य त्याच्या ओठांवर आलेलंही होतं, कारण बावीस एकर डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"तू लई हरामखोर हाईस, अक्का," तो म्हणाला.

"आप्पाचीच हाय," ती म्हणाली. "म्हननार का न्हाय?"

पुकारा झाला. मंडळ अधिकारी तरुण होते, त्यांच्यापुढं सकाळपासून बांधाची सहा भांडणं होऊन गेली होती. त्यांनी मान वर न करता विचारलं, "हरकतदार कोण? हरकत काय?"

सिद्धराम उभा राहिला. वकील त्याच्याकडं बघत होता. सर हसऱ्या चेहऱ्यानं बघत होते. बनाबाई पुढं झुकून, तोंड किंचित उघडं ठेवून बघत होती, भाकरी फुगायची वाट बघावी तशी.

"वाटनी..." सिद्धराम म्हणाला.

"वाटणीचं काय?"

विहीर. डाळिंबाची ओळ. बनाक्का सकाळी पाटाशी उभी, दर सकाळी, मरेपर्यंत.

"वाटनी खरी हाय, सायेब," तो म्हणाला. "माजी काय हरकत न्हाय."

बनाबाईचं तोंड मिटलं. साहेबांनी पहिल्यांदाच वर पाहिलं. "मग अर्ज कशाला केला होता? सोडा. मागं घेताय. कारण काय लिहू?"

सिद्धरामनं वकिलाकडं पाहिलं, वकिलानं खिडकीबाहेर.

"काका, काहीतरी लिहावं लागतं. स्वखुशीनं लिहू?"

"लिवा," सिद्धराम म्हणाला.

सरांनी टाळ्या वाजवल्या. कचेरीत टाळ्या वाजवायच्या नसतात असं शिपायानं त्यांना सांगितलं.

बाहेर ऊन कडक होतं. सिद्धरामनं मोटारसायकल स्टँडवरून काढली. कंपनीच्या माणसाचे तीन फोन येऊन गेले होते, त्यानं चौथा येण्याआधी मोबाइल बंद केला. मागून बनाबाई आली. निऱ्या हातात धरून ती तणतणत चालत होती.

"एवढी बी हिंमत न्हाय," ती म्हणाली. "निम्मी बाग गेली असती तर मेला असतास काय?"

"माजा माळ गेला."

"माळ तुजा कवा हुता?"

यावर त्याच्याकडं उत्तर होतं, पण ते नुकतंच त्यानं साहेबांसमोर मागं घेतलं होतं. त्यानं किक मारली. गाडी सुरू झाली नाही. दुसरी मारली. तेवढ्यात मागची सीट दबली. बनाबाई एका बाजूला पाय सोडून बसली होती आणि त्याच्या पाठीला हात न लावता सीटची कड धरत होती.

"एस्टी स्टँडवर सोड. सोलापूरची गाडी गावंल." मग पुन्हा म्हणाली, "घरला येनार न्हाय हां तुज्या. चा बी घेनार न्हाय."

"बोलावलंय कुनी?" सिद्धराम म्हणाला आणि तिसरी किक मारली.